साइटचं बिऱ्हाड हलवताना

साइट एका होस्टिंगवरून दुसऱ्या होस्टिंगवर न्यायची असली की आम्ही आधी तीन गोष्टी विचारतो. डोमेन कुठून घेतलंय? नेमसर्व्हर कुणाचे आहेत? फाइली कुठे आहेत? नव्या माणसाचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, "सगळं त्या कंपनीकडेच आहे." ते खरंही असतं, कारण पहिल्यांदा घेताना तिन्ही गोष्टी एकाच बिलात आलेल्या असतात. पण एका बिलात आल्या म्हणून त्या एक होत नाहीत. बिघाड या तिघांपैकी नेमका कुठे आहे हे न कळल्यामुळेच साध्या साध्या अडचणी दिवसेंदिवस रेंगाळतात.

पुढे लिहिलंय ते अशाच एका हलवाहलवीबद्दल. साइट वर्डप्रेसची, फाइली १.८ जीबी, डेटाबेस १४० एमबी, मेल वेगळ्या कंपनीकडे आणि जुनं होस्टिंग शेअर्ड, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट. काम मोठं नाही. पण होस्टिंग म्हणजे काय हे नवं घेताना जेवढं कळतं, त्याहून जास्त बिऱ्हाड हलवताना कळतं. घेताना पॅनेल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं वेबवरचं पान, सगळं आपोआप करून टाकतं. हलवताना प्रत्येक खिळा हाताने उपटावा लागतो.

नाव, चौकशीची खिडकी आणि खोली

डोमेन म्हणजे नावावरचा हक्क. तो कायमचा विकत मिळत नाही, वर्षांच्या हिशोबाने मिळतो. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. ज्याच्याकडून घेतो तो रजिस्ट्रार. त्याच्यामागे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ वही सांभाळणारी रजिस्ट्री असते, ती व्हेरिसाइन. त्या वहीत आपल्या नावापुढे मोजक्याच ओळी असतात: हे नाव कुठल्या रजिस्ट्रारकडचं, अमुक तारखेपर्यंत वैध, आणि याची चौकशी अमुक नेमसर्व्हरांकडे करा. साइट कुठे ठेवलीय हे त्या वहीला माहीतच नसतं.

ते माहीत असतं नेमसर्व्हरला. ही चौकशीची खिडकी. तिथे रेकॉर्ड लिहिलेले असतात. ए रेकॉर्डमध्ये सर्व्हरचा टिंबांनी जोडलेल्या चार संख्यांचा आयपी पत्ता, क्वाड-ए रेकॉर्डमध्ये आयपीव्ही६ चा लांबलचक पत्ता, एमएक्समध्ये मेल कुठे टाकायची ते, टीएक्सटीमध्ये निरनिराळ्या कंपन्यांना पटवायच्या खुणा, आणि सीनेम म्हणजे "मला विचारू नका, त्या दुसऱ्या नावाला विचारा". एक नियम इथेच लक्षात ठेवायचा: नुसत्या डोमेनला, म्हणजे पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नावाला, सीनेम लावता येत नाही. सीनेम ज्या नावावर असतो तिथे दुसरा रेकॉर्ड चालत नाही, आणि मूळ नावावर नेमसर्व्हरांचे रेकॉर्ड आधीच बसलेले असतात.

तिसरी गोष्ट खोली, म्हणजे होस्टिंग. चोवीस तास चालू असलेला संगणक, त्यावर अपाचे, एनजिनएक्स किंवा लाइटस्पीड यांपैकी एखादा वेब सर्व्हर, आणि तो ८० व ४४३ या पोर्टांवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारांवर, कान लावून बसलेला. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच आयपीवर शेकडो साइट राहतात. ब्राउझर विनंती पाठवताना साइटचं नावही सोबत पाठवतो, त्यावरून सर्व्हर कुठलं फोल्डर उघडायचं ते ठरवतो. म्हणून नुसता आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर भलतंच पान दिसतं. नवे लोक ते पाहून साइट हॅक झाली म्हणून घाबरतात. ते साहजिक आहे, पण तिथे काहीच बिघडलेलं नसतं.

या कामात आम्हाला खोली बदलायची होती. चौकशीची खिडकी जुन्या होस्टिंगवाल्याचीच होती, म्हणजे खातं बंद केलं की तीही बंद होणार; त्यामुळे तीही हलवणं भाग होतं. नावाला हात लावायचा नाही असं ठरवलं. डोमेन ट्रान्सफर हे वेगळं काम आहे: लॉक उघडा, ऑथ कोड, म्हणजे ट्रान्सफरसाठीचा गुप्त कोड, मागवा, आधीचा रजिस्ट्रार गप्प बसला तर पाच दिवस थांबा. बिऱ्हाड हलवायच्या आठवड्यात ते अंगावर घेऊ नये. शिवाय नवं घेतलेलं किंवा नुकतंच ट्रान्सफर झालेलं डोमेन सहसा ६० दिवस हलवता येत नाही.

हात लावायचा नसला तरी तपासायचं मात्र होतं. मुदत कधी संपते, आणि रजिस्ट्रारच्या खात्याला कुठला ईमेल जोडलाय. इथे एक जुना सापळा असतो. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा असतो. मग डोमेनची मुदत संपली की मेलही बंद, मुदत संपल्याची सूचना पोचत नाही, आणि पासवर्ड बदलायची लिंकही त्याच बंद मेलबॉक्सात जाते. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवस सवलत देतो, तिचे दिवस ज्याचे त्याचे वेगळे. त्यानंतर नाव रद्द झालं की ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ, ज्यात नेहमीच्या फीवर भरभक्कम दंड लागतो. मग पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि नंतर नाव ज्याला मिळेल त्याचं. तेव्हा खात्याचा ईमेल बाहेरचा ठेवला आणि मगच पुढे गेलो.

प्लॅन घेताना

होस्टिंगच्या जाहिरातीत "अनलिमिटेड" हा शब्द डिस्कला आणि बँडविड्थला लावलेला असतो. खरी मर्यादा खाली बारीक अक्षरांत असते. एक म्हणजे इनोड, सोप्या भाषेत फाइली आणि फोल्डर मिळून किती ते. कॅश प्लगइन (तयार पानांच्या प्रती जपून ठेवणारं) आणि मेलबॉक्स हे इनोड खाण्यात तरबेज. डिस्क निम्मी रिकामी असताना "जागा शिल्लक नाही" असा संदेश आला तर आधी इनोडचा आकडा पाहायचा. दुसरी मर्यादा एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसची. पॅनेलवर तिला एंट्री प्रोसेस म्हणतात.

हा आकडा काय सांगतो ते हिशोबाने पाहू. समजा मर्यादा २० आहे. एक पान तयार व्हायला दोन सेकंद लागत असतील तर सेकंदाला १० पानं निघतात. तेच पान अर्ध्या सेकंदात तयार झालं तर ४०. पान कॅशमधून थेट गेलं तर पीएचपीला, म्हणजे पान तयार करणाऱ्या प्रोग्रामला, उठावंच लागत नाही आणि हा आकडा निरर्थक होतो. म्हणजे महागडा प्लॅन घेण्याआधी पान का रखडतंय ते शोधणं स्वस्त पडतं. मर्यादा ओलांडली की क्लाउडलिनक्स ही सिस्टिम असलेल्या सर्व्हरवर ५०८ क्रमांकाची चूक दिसते. ती अधूनमधून, नेमकी गर्दीच्या वेळी येते, आणि तपासायला बसलं की गायब होते.

व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा आपल्यापुरता वेगळा भाग, घ्यावा का, हा प्रश्न इथे येतोच. व्हीपीएसवर रॅम आणि प्रोसेसर आपल्या वाट्याचा मिळतो, पण सिस्टिमचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप आणि रात्री बंद पडलेला डेटाबेस हेही आपल्याच वाट्याला येतं. फायरवॉल चालू करताना पोर्ट २२, म्हणजे सर्व्हरवर लॉगिन व्हायचं दार, उघडा ठेवायचं विसरलं की आपणच दाराबाहेर. साइट सांभाळणारा माणूस रोज सर्व्हरकडे बघणार नसेल तर व्हीपीएस घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. इथे तसा माणूस नव्हता, म्हणून पुन्हा शेअर्डच घेतलं. आणि साइटवर लॉगिन, फॉर्म, शोध असं काहीच नसेल, नुसती पानं असतील, तर स्टॅटिक होस्टिंगवर एचटीएमएल ठेवावं; तिथे डेटाबेस नसल्याने बिघडायलाच फारसं काही उरत नाही.

आठवडाभर आधी

पहिलं काम, जुन्या डीएनएस झोनमधला, म्हणजे नेमसर्व्हरवरच्या आपल्या यादीतला, प्रत्येक रेकॉर्ड उतरवून घेणं. पॅनेलचा स्क्रीनशॉट पुरत नाही, लांब टीएक्सटी रेकॉर्ड त्यात अर्धे कापले जातात. झोन एक्स्पोर्ट करता आला तर उत्तम, नाहीतर एकेक कॉपी करायचा. या झोनमध्ये १९ रेकॉर्ड निघाले. त्यांतले पाच कशाचे हे कुणालाच सांगता येईना. असे रेकॉर्ड काढून टाकायचा मोह होतो. तो आवरायचा. हलवताना जसंच्या तसं न्यायचं, साफसफाई महिनाभराने.

मग नव्या डीएनएसवर तेच १९ रेकॉर्ड घातले आणि ए रेकॉर्डमध्ये मुद्दाम जुन्याच सर्व्हरचा आयपी ठेवला. म्हणजे खिडकी बदलली तरी तिथे मिळणारं उत्तर तेच. इथे नवं पॅनेल न विचारता मदत करतं: खातं उघडल्याबरोबर ते स्वतःचा झोन बनवतं आणि त्यात एमएक्स स्वतःच्याच सर्व्हरचा लिहितं. ते तसंच सोडून नेमसर्व्हर बदलले असते तर मेल नव्या सर्व्हरकडे गेली असती, जिथे एकही मेलबॉक्स नव्हता. साइट हलवली आणि मेल बंद पडली, ही तक्रार जवळजवळ नेहमी इथे जन्मते.

नेमसर्व्हर बदलण्याआधी डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने थेट नव्या नेमसर्व्हरला एकेक रेकॉर्ड विचारून जुन्याशी ताडून पाहिला. एक टीएक्सटी रेकॉर्ड जुळला नाही. चिकटवताना शेवटी रिकामी जागा आली होती. ती काढली आणि मग रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हर बदलले.

"डीएनएस पसरायला ४८ तास लागतात" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पसरत काहीच नाही. जगभरच्या डीएनएस रिझॉल्व्हरांनी, म्हणजे आपल्या वतीने चौकशी करणाऱ्या सर्व्हरांनी, आधीचं उत्तर आपल्याकडे जपून ठेवलेलं असतं, आणि ते किती सेकंद जपायचं हे टीटीएल सांगतो. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत नेमसर्व्हरांच्या रेकॉर्डचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर ४८ तास. ते ४८ इथून आले. ए रेकॉर्डचा टीटीएल मात्र आपल्या हातात असतो. सीपॅनेल नावाच्या पॅनेलमध्ये तो सहसा १४,४०० असतो, म्हणजे चार तास. तो आम्ही ३०० केला. पण हा ३०० चा आकडाही लोकांपर्यंत पोचायला आधीचे चार तास जावे लागतात, कारण ज्याने पाच मिनिटांपूर्वी विचारलंय त्याच्याकडे जुनं उत्तर जुन्याच मुदतीसह आहे. साइट हलवायच्या क्षणी टीटीएल कमी करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

फाइली आणि डेटाबेस

एफटीपीने, म्हणजे फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीने, हजारो बारक्या फाइली एकेक ओढल्या तर दिवस जातो, कारण प्रत्येक फाइलीमागे वेगळी बोलाचाली होते. जुन्या पॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये सगळ्याची एक झिप केली, ती नव्याकडे नेली आणि तिथे सोडवली. दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली, झिप सोडवल्यावर पब्लिक एचटीएमएलच्या आत आणखी एक पब्लिक एचटीएमएल तयार होतं आणि साइटवर ४०३ (प्रवेश नाही) येतो, कारण वरच्या फोल्डरमध्ये इंडेक्स फाइलच नसते. दुसरी जास्त खोडसाळ. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या असतात. "लपलेल्या फाइली दाखवा" हे सेटिंग चालू न करता फाइली निवडल्या तर डॉट एचटीॲक्सेस, म्हणजे कुठला पत्ता कुठे न्यायचा हे सर्व्हरला सांगणारी फाइल, मागेच राहते. मग मुखपृष्ठ छान उघडतं आणि आतलं प्रत्येक पान ४०४ (पान सापडलं नाही) देतं. मुखपृष्ठ दिसतंय आणि बाकी काहीच दिसत नाही, असं ऐकलं की आम्ही दुसरं काही बघायच्या आधी ती फाइल बघतो.

परवानग्या फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४, म्हणजे लिहायचा अधिकार फक्त मालकाला. चालत नाही म्हणून ७७७ करायचा सल्ला अजूनही फिरत असतो. शेअर्ड सर्व्हरवर त्याने बऱ्याचदा उलट ५०० ची चूक येते, कारण कुणालाही लिहिता येईल अशी पीएचपी फाइल चालवायलाच सर्व्हर नकार देतो. आणि जिथे नकार देत नाही तिथे तर ते जास्तच वाईट.

डेटाबेस नव्या पॅनेलमध्ये बनवणं, युजर बनवणं आणि त्या युजरला त्या डेटाबेसवर अधिकार देणं ही तीन वेगळी बटणं आहेत. तिसरं दाबायचं राहतं, आणि "एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन" हे पांढरं पान समोर येतं. डेटाबेसच्या आणि युजरच्या नावापुढे पॅनेल खात्याचं नाव जोडतं. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ते पूर्ण नाव लिहावं लागतं.

१४० एमबीचा डंप, म्हणजे डेटाबेसची एका फाइलीतली नक्कल, पीएचपीमायॲडमिन या ब्राउझरमधल्या साधनातून चढवायला गेलं की अडतो. पीएचपीची मूळची अपलोड मर्यादा २ एमबी आणि पोस्टची ८ एमबी. होस्टिंगवाले ती वाढवतात, पण १४० पर्यंत क्वचितच. डंप जीझिप केला तर १४० चे वीस-पंचवीस एमबी होतात, कारण आत निव्वळ मजकूर असतो. तरीही अडला तर एसएसएचने, म्हणजे कमांड देता येणाऱ्या लॉगिनने, सर्व्हरवर जाऊन थेट मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रामला द्यायचा. इथे ही वेळ आली आणि एका मिनिटात काम झालं. मधे एकदा "अननोन कोलेशन" म्हणून थांबलं: जुन्याकडे मायएसक्यूएल ८ होतं, नव्याकडे त्याचाच भाऊबंद मारियाडीबी, आणि आठव्या आवृत्तीचं ठरलेलं कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना करायची पद्धत, त्या मारियाडीबीला ठाऊक नव्हतं. डंप फाइलीत ते नाव दोघांनाही समजणाऱ्या युटीएफ८एमबी४ युनिकोड कोलेशनने बदललं आणि पुन्हा चढवलं.

देवनागरी मजकूर असेल तर इम्पोर्ट झाल्यावर पहिल्यांदा एखादा जुना लेख उघडून बघायचा. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. अक्षर, काना, मात्रा, सगळं वेगवेगळं मोजून. डंप चढवताना जोडणी लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत) समजून झाली की त्या तीन बाइटांची तीन वेगळी लॅटिन अक्षरं होतात आणि पानभर टोप्याटिंबांची जत्रा दिसते. ती दिसली तर घाबरू नये, बाइट शाबूत आहेत. जोडणीचा कॅरेक्टर सेट नीट देऊन पुन्हा चढवलं की मजकूर परत येतो. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर मूळ बाइट गेले. नव्या डेटाबेसातून ते परत काढता येत नाहीत. जुन्या सर्व्हरवरून पुन्हा डंप घ्यायचा, आणि याच एका कारणासाठी जुनं खातं घाईने बंद करायचं नाही.

आणखी एक जागा बारकाईने बघण्यासारखी. जुन्या लेखांतल्या चित्रांचे पत्ते अजून एचटीटीपीचे होते, ते एचटीटीपीएस करायचे होते. डंप फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून सरसकट बदल करणं सोपं वाटतं. पण वर्डप्रेस आपली सेटिंगं सिरियलाइज करून ठेवतं: आधी एस हे अक्षर, मग कोलन, मग ४१ असा आकडा, पुन्हा कोलन आणि मग अवतरणात ४१ बाइटांचा पत्ता. पत्त्यात एक एस वाढला की तो ४२ चा होतो, पुढचा आकडा मात्र ४१ च राहतो. पीएचपी वाचताना ४१ मोजतं, जिथे अवतरण संपायला हवं तिथे दुसरंच अक्षर सापडतं, आणि ते सगळी नोंदच फेकून देतं. लेखांतली चित्रं बरोबर दिसतात, पण साइडबार रिकामा आणि थीमची सेटिंगं गायब. म्हणून हा बदल डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड साधनातल्या सर्च-रिप्लेसने करायचा. ते आकडेही नव्याने मोजतं. आधी ड्राय-रन, म्हणजे काही न बदलता रंगीत तालीम, देऊन किती ठिकाणी बदल होणार ते पाहावं.

जग वळवण्याआधी

नवा सर्व्हर तयार झाला पण डीएनएस अजून जुन्याकडे, अशा वेळी साइट तपासायला होस्ट्स फाइल आहे. आपल्या संगणकापुरतं सांगायचं की हे नाव या आयपीवर आहे. लिनक्स आणि मॅकवर ती ईटीसी फोल्डरमध्ये असते, विंडोजवर सिस्टिम३२ च्या आत ड्रायव्हर्स आणि त्याच्या आत ईटीसीमध्ये. विंडोजवर नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं, आणि सेव्ह करताना त्याने मागे डॉट टीएक्सटी चिकटवलं तर फाइल काहीच करत नाही. काम झाल्यावर ती ओळ काढायची. नाहीतर सहा महिन्यांनी साइट पुन्हा हलते, सगळ्यांना नवी दिसते आणि एकट्या तुम्हालाच जुनी.

होस्ट्स लावून साइट उघडली तर कोरं पांढरं पान. पॅनेलमधला एरर लॉग पाहिला. एका सुरक्षा प्लगइनने डॉट युजर डॉट आयएनआय फाइलीत जुन्या सर्व्हरवरच्या फोल्डरचा पूर्ण रस्ता लिहून ठेवला होता, जुन्या खात्याच्या नावासकट. तो रस्ता नव्या सर्व्हरवर नाही, त्यामुळे पीएचपी पहिल्याच पावलावर कोसळत होतं. ओळ दुरुस्त केली, पान तरीही कोरंच. ही फाइल पीएचपी दर वेळी वाचत नाही, ३०० सेकंद लक्षात ठेवतं. बरोबर दुरुस्ती केल्यावर "हेही नाही" म्हणून ती परत फिरवणं आणि भलतीकडे खणत बसणं, हे याच पाच मिनिटांत होतं.

त्यानंतर थीमच्या एका फाइलीत क्रिएट फंक्शन नावाचं जुनं फंक्शन सापडलं. जुन्या सर्व्हरवर पीएचपी ७.४ होतं, नव्यावर ८.२, आणि ते फंक्शन ८.० मध्ये काढून टाकलंय. पॅनेलमधून तात्पुरतं ७.४ निवडता येत होतं, पण त्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले. थीम दुरुस्त करणं हाच मार्ग होता.

एचटीटीपीएसला लागणाऱ्या सर्टिफिकेटची कोंडी मजेशीर असते. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था साधारणपणे साइटवर एक फाइल ठेवायला लावतं आणि पोर्ट ८० वर येऊन ती वाचतं. पण नाव अजून जुन्या सर्व्हरकडे जातंय, तेव्हा ती फाइल त्याला नव्या सर्व्हरवर सापडणार कशी? आणि नाव वळवून मग सर्टिफिकेट घ्यावं तर मधल्या काळात येणाऱ्यांना लाल इशारा दिसतो. सुटका डीएनएसमधून: फाइलीऐवजी अंडरस्कोअर एक्मे-चॅलेंज नावाचा टीएक्सटी रेकॉर्ड ठेवून सर्टिफिकेट आधीच घेतलं. रेकॉर्ड दिसायला लागलाय हे डिगने पाहूनच बटण दाबायचं. एका नावासाठी तासाभरात पाच फसलेले प्रयत्न झाले की लेट्स एन्क्रिप्ट थांबायला लावतं.

वळवण्याचा दिवस

सगळ्यात कमी वर्दळीची वेळ लॉगमधून काढली. जुन्या साइटवर नव्या नोंदी बंद केल्या, शेवटचा डंप घेतला, नव्यावर चढवला, सर्च-रिप्लेस पुन्हा चालवलं, ए रेकॉर्ड बदलला. टीटीएल ३०० असल्याने दहा मिनिटांत नव्या सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये ओळी धावायला लागल्या.

आणि तरी काही फोनवर जुनीच साइट दिसत होती. तीही फक्त मोबाइल डेटावर. त्याच फोनवर वायफाय लावलं की नवी. कॅश साफ केली, फोन बंद-चालू झाला, काही फरक नाही. कारण त्या १९ रेकॉर्डांत होतं: क्वाड-ए. ए रेकॉर्डचा आयपी बदलला, आयपीव्ही६ चा पत्ता जुन्या सर्व्हरचाच राहिला. मोबाइल नेटवर्क आयपीव्ही६ देत होतं, फोन तोच आधी वापरत होता. नव्या प्लॅनला आयपीव्ही६ नव्हता, म्हणून तो रेकॉर्ड काढूनच टाकला. हाच विसरलेला क्वाड-ए पुढे सर्टिफिकेटच्या नूतनीकरणालाही आडवा आला असता, कारण लेट्स एन्क्रिप्टही आयपीव्ही६ असेल तर आधी तिकडेच जातं.

संपर्क फॉर्मच्या मेल पोचत नाहीत हे दुसऱ्या दिवशी कळलं. एमएक्स बरोबर, बाहेरून आलेली मेल व्यवस्थित पोचत होती. पण नव्या सर्व्हरच्या ईमेल राउटिंगमध्ये "लोकल" निवडलेलं होतं. म्हणजे या डोमेनची मेल माझ्याचकडे राहते असं सर्व्हर समजत होता, डीएनएसला न विचारता आपल्याच रिकाम्या पेटीत टाकत होता. ते "रिमोट" केलं. त्यापुढे मेल स्पॅममध्ये जायला लागली, कारण एसपीएफ रेकॉर्डमध्ये, म्हणजे या डोमेनची मेल कुणी पाठवायची त्या यादीत, नव्या सर्व्हरचं नाव नव्हतं. एसपीएफ दुसरा बनवायचा नसतो, असलेल्यातच भर घालायची. एका नावावर दोन एसपीएफ असले की दोन्ही बाद धरले जातात. शेवटी फॉर्मची मेल मेल कंपनीच्याच एसएमटीपीवरून (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरवरून), पोर्ट ५८७ आणि पासवर्ड देऊन पाठवायला लावली. शेअर्ड सर्व्हरच्या आयपीवरून मेल पाठवण्यात अर्थ नाही. शेजारी कुणी स्पॅम पाठवला की बदनामी सगळ्यांचीच.

नंतरचे पंधरा दिवस

जुनं खातं लगेच बंद केलं नाही. त्याचा ॲक्सेस लॉग रोज पाहिला. तिसऱ्या दिवसापर्यंत माणसांच्या ओळी थांबल्या. उरले ते थेट आयपीवर ठोठावणारे बॉट. एक ओळ मात्र दर तासाला नेमाने येत राहिली. बाहेरच्या एका सेवेत जुन्या सर्व्हरचा आयपी थेट लिहून क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावलेला होता. तो शोधून बदलला. जुन्या पॅनेलमधले क्रॉन जॉबही असेच मागे राहतात. ते फाइलींत नसतात, डेटाबेसातही नसतात, त्यामुळे कुठल्याच झिपमध्ये येत नाहीत.

टीटीएल परत ३,६०० केला. सर्टिफिकेटचं नूतनीकरण हाताशिवाय होतंय का ते मुद्दाम पाहिलं. आधीचं टीएक्सटीने हाताने घेतलेलं होतं, ते आपोआप नवं होणार नव्हतं. आता नाव इकडे वळल्यावर पॅनेलची स्वयंचलित पद्धत लावली. ९० दिवसांचं सर्टिफिकेट संपत आल्याची मेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे बाहेरून नजर ठेवणारं काहीतरी लावणं गरजेचं झालंय. ठरलेल्या नियमांप्रमाणे सगळ्याच कंपन्यांच्या सर्टिफिकेटांची कमाल मुदत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने सर्टिफिकेट बदलण्याची सवय तोवर मोडलेली बरी.

बॅकअप नव्या होस्टिंगवाल्याकडे रोज होतो असं पॅनेल सांगतं. तो त्याच सर्व्हरवर किंवा त्याच खात्यात असेल तर खातं अडकलं की बॅकअपही अडकतो. म्हणून आठवड्याला एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत जाते, आणि पहिली प्रत एका मोकळ्या सबडोमेनवर प्रत्यक्ष उभी करून पाहिली. पंचेचाळीस मिनिटं लागली. ती वेळ लिहून ठेवली.

सोळाव्या दिवशी जुन्या खात्याचा पूर्ण बॅकअप उतरवून घेतला, झिप उघडतेय आणि डंपच्या शेवटी "डंप कम्प्लीटेड" ही ओळ आहे एवढं तपासलं, ऑटो-रिन्यू बंद केलं आणि खातं रद्द करण्याची विनंती टाकली.